खिचडीतली डाळ

रात्रीची कसारा लोकल खर्डीला थांबते, तेव्हा फलाटावर उतरणाऱ्या निम्म्या माणसांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, घरी जाऊन आता काय रांधायचं? मुंबई-ठाण्याहून उभ्याने प्रवास करून आलेल्या बाईला भाजी निवडायची ताकद नसते. मग तीन डबे उघडले जातात. एक तांदळाचा, दुसरा डाळीचा, तिसरा मिसळणाचा. अर्ध्या तासात ताटात वाफाळती खिचडी येते. आजारी माणसाला खिचडी, अचानक आलेल्या पाहुण्याला खिचडी, महिनाअखेरीला तर खिचडीच. इतकी सवयीची वस्तू, की तिला इतिहास असेल असं आपल्या मनातही येत नाही.

तिला इतिहास आहे, आणि तो चांगला सहा-सात शतकांचा लिहिलेला आहे. तो वाचताना मला एक गोष्ट दिसत गेली. खिचडी सगळ्यांनीच खाल्ली. बादशहाने, सैनिकाने, मजुराने, शाळेतल्या पोराने. फरक राहिला तो तिच्यात डाळ किती, याचा.

संस्कृत ग्रंथांत ‘कृसर’ नावाचा पदार्थ येतो. तांदूळ आणि तीळ, किंवा तांदूळ आणि कडधान्य एकत्र शिजवलेलं अन्न. आजच्या ओळखीची खिचडी स्पष्ट दिसते ती चौदाव्या शतकात. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ मध्ये हिंदुस्तानात आला. इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपासोबत खातात, त्याला ‘किश्री’ म्हणतात आणि रोज न्याहारीला हेच घेतात, अशी नोंद त्याने केली.

दुसरा साक्षीदार आपल्या अगदी जवळून गेला. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला पोहोचला. पावसाळा त्याने तिथेच काढला. मुरबाडकरांना जुन्नर लांब नाही, मध्ये फक्त नाणेघाट. निकितिन स्वतः एक घोडा विकायला घेऊन आला होता, त्यामुळे घोड्यांकडे त्याचं बारीक लक्ष होतं. इथे घोड्यांना कडधान्य खायला घालतात आणि साखर-तेल घालून खिचडी शिजवून देतात, असं त्याने लिहिलं आहे. समुद्रापलीकडून आलेला घोडा फार महाग असायचा. ज्याची किंमत जास्त, त्याच्या तोंडी चांगली खिचडी. हा हिशेब पुढेही बदललेला दिसत नाही.

अकबराच्या दरबारात अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. तीत शाही मुदपाकखान्याचं एक प्रकरण आहे. तिथे पदार्थांचे तीन वर्ग केले आहेत. बिनमांसाचे, म्हणजे ‘सूफियाना’, मांस आणि तांदळाचे, आणि मसाल्यात शिजवलेल्या मांसाचे. पहिल्या वर्गात खिचडी आहे, मापासकट. तांदूळ पाच शेर, डाळ पाच शेर, तूप पाच शेर आणि मीठ एक तृतीयांश शेर. बस्स. ना केशर, ना बदाम. ज्या पाकशाळेत काबूल-काश्मीरची फळं येत होती, तिथेही खिचडी चार जिनसांचीच होती. पण प्रमाण पाहा. जितका तांदूळ तितकीच डाळ, आणि तितकंच तूप.

या यादीत मिरची नाही. ती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली आणि हळूहळू देशभर पसरली. अकबराच्या स्वयंपाक्यांच्या हाताशी मिरी होती, आलं होतं. उपवासाला आपण जी साबुदाण्याची खिचडी करतो, तिचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही मूळचा ब्राझीलचा, आणि तमिळनाडूतल्या सेलमला त्याचे कारखाने उभे राहिले ते १९४० च्या दशकात. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटाही तिकडचाच. ज्याला आपण ‘परंपरेचं’ म्हणतो, त्या डब्यांतला निम्मा माल असा बाहेरून येऊन घरचा झालेला आहे.

अकबराचा मुलगा जहांगीर १६१८ मध्ये गुजरातेत होता. तिथली बाजरीची खिचडी त्याला आवडली. मांस वर्ज्य असलेल्या दिवशी ही आपल्याला वरचेवर वाढत जा, असा हुकूम दिल्याचं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे. गावातल्या चुलीवरचा पदार्थ असा बादशहाच्या दस्तरखानावर गेला.

त्याच जहांगीरच्या काळात फ्रान्सिस्को पेल्सार्ट हा डच व्यापारी आग्र्यात होता. त्याने मजुरांची परिस्थिती लिहून ठेवली आहे. दिवसा ही माणसं मूठभर भाजलेलं धान्य चावून काढतात आणि संध्याकाळी थोड्याशा आगीवर तांदूळ-मुगाची थोडी खिचडी शिजवून खातात, रोज तीच. एकच शहर, एकच पदार्थ. एका घरी तो हौसेचा होता, दुसऱ्या घरी त्याच्याशिवाय काहीच नव्हतं.

हा पदार्थ वाटसरूंना आणि फौजांना का मानवला, हे खर्डीत राहून नीट कळतं. आपण थळ घाटाच्या पायथ्याशी आहोत. रेल्वे येण्याआधी या घाटातून वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे जात. खालून मीठ वर जाई, वरून धान्य खाली येई. तांदूळ कोकणचा. तूर इथे बांधावर थोडीफार होते, बाकी डाळ घाटावरची. मुक्कामाला शिधा घ्यायचा, तीन दगड मांडायचे आणि एका भांड्यात सगळं शिजवायचं. दुसऱ्याच्या हातचं न खाणाऱ्यालाही आपली खिचडी आपण करून घेता येई. १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी इगतपुरीला पोहोचली आणि तांडे ओसरले. खिचडी मात्र राहिली.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. दोन्ही भाषांनी या शब्दाला चिडवायला वापरलं आहे. सगळ्यांपेक्षा वेगळं वागणाऱ्याला उर्दूत ‘ढाई चावल की खिचडी अलग पकाना’ म्हणतात. मराठीत धड काही न जमलेल्या मिश्रणाला ‘नुसती खिचडी झाली’ म्हणतात. खिचडीने खरं तर कुणाचंच काही बिघडवलेलं नाही.

आम्हा मुसलमानांच्या स्वयंपाकघराबद्दलही एक ठरलेलं चित्र आहे. रोज बिर्याणी, रोज मटण. सहकारी शिक्षिकांनी पहिल्यांदा माझा डबा पाहिला, तेव्हा त्यांना नवल वाटलं होतं. त्यात मसुरीची खिचडी होती आणि सुक्या जवळ्याची चटणी. आमच्याकडचं आठवड्यातल्या पाच दिवसांचं जेवण असंच, तांदळाची भाकरी, डाळ, एखादी पालेभाजी, सुकट. बिर्याणी लग्नाची. शेजारच्या आगरी किंवा कुणबी घरातले डबे आणि आमचे डबे उघडून शेजारी ठेवले, तर कुठला कुणाचा हे सांगता येणार नाही.

मोहरमच्या दहाव्या दिवशी, आशूऱ्याला, अनेक मुस्लीम घरांत गहू, डाळी आणि मांस घालून खिचडा होतो. तुर्कस्तानात त्याच दिवशी ‘आशुरे’ नावाची गोड खीर करतात. त्यामागची लोककथा अशी की, हज़रत नूह यांची नौका पुरानंतर जमिनीला लागली तेव्हा शिधा संपत आला होता. जे मूठ मूठ धान्य उरलं होतं, ते सगळं एका भांड्यात घालून शिजवलं आणि सर्वांनी मिळून खाल्लं. कथा खरी-खोटी ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. घरात जे आहे त्यात सगळ्यांचं भागवायचं, ही रीत मला त्यात दिसते.

२०२० च्या रमज़ानमध्ये ती रीत आम्ही रस्त्यावर पाहिली. टाळेबंदीत मुंबई-नाशिक महामार्गावरून माणसं चालत निघाली होती. डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं, पुढे कसारा घाट. गावातल्या लोकांनी जमेल तसं अन्न दिलं. आमच्या गल्लीतही मोठ्या पातेल्यात खिचडी शिजायची. आमचे रोज़े होते, त्यामुळे चाखून पाहता येत नव्हतं, मीठ अंदाजाने पडायचं. तिसऱ्या दिवशी डाळ कमी पडायला लागली. कुणीतरी म्हणालं, तांदूळ वाढवू, डाळ अर्धी करू, पोट तर भरेल. अम्मी तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्यांना घाट चढायचाय. नुसत्या भातावर कसे चढतील?” मग घराघरातून वाटी वाटी डाळ गोळा झाली. मसूर, तूर, मूग, जे होतं ते.

त्यांचं म्हणणं विज्ञानालाही धरून आहे. तांदळातल्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनीन कमी, ते तांदूळ पुरवतो. दोघं एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. डाळ घटवली की ही जोडी मोडते आणि पोट भरूनही अंग भरत नाही.

आता शाळेकडे येते. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहार योजना सुरू केली. सुरुवातीला आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ मिळे. तो घरी जाई आणि सगळ्या घरात वाटला जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला, आणि पुढे महाराष्ट्रातल्या शाळांतून खिचडीची पातेली चढली. पहिली ते पाचवीच्या मुलामागे माप ठरलेलं आहे, तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम.

आईन-ए-अकबरीत तांदळाला डाळ बरोबरीने. माझ्या घरी दोनास एक. शाळेत पाचास एक. कागदावरचा हिशेब कसाबसा जुळतो. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं, २० ग्रॅम डाळीतून साडेचारच्या आसपास, आणि ठरवलेलं उद्दिष्ट १२ ग्रॅम. म्हणजे सांडायला, उडायला, कमी पडायला जागाच नाही. पातेल्यात एक तांब्या पाणी वाढलं, तर कमी होते ती मुलाच्या वाट्याची डाळच.

काही लोक आमच्या शाळांना ‘खिचडीच्या शाळा’ म्हणून हिणवतात. त्यांनी एकदा दुपारी येऊन पाहावं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून कातकरी, ठाकूर घरांतली मुलं येतात. पावसाळ्यानंतर घरची माणसं वीटभट्ट्यांवर जातात. काही मुलांच्या पोटात सकाळपासून फक्त कोरा चहा असतो. त्यांच्यासाठी ही खिचडी दिवसातलं पहिलं जेवण आहे. या ओळीत सगळ्या जातीधर्मांची मुलं मांडीला मांडी लावून एकाच पातेल्यातलं खातात, हेही विसरू नये.

बिरबलाच्या खिचडीची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. थंड पाण्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गरिबाचं बक्षीस नाकारलं जातं, कारण म्हणे दूरच्या दिव्याची ऊब त्याला मिळाली. मग बिरबल हंडी उंच टांगून खाली जाळ करतो आणि खिचडी काही शिजत नाही. मुलं हसतात. ती गोष्ट खरं तर हक्काचं न मिळालेल्या माणसाची आहे.

घरची कृती सांगून थांबते. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मसूरडाळ, दोन्ही धुऊन. तेलात जिरं, ठेचलेला लसूण, उभा चिरलेला कांदा. हळद, तिखट, मीठ. चार वाट्या गरम पाणी, कुकरच्या तीन शिट्ट्या. तोवर तव्यावर जवळा कोरडा भाजून, लसूण, लाल मिरची आणि आमसूल घालून वाटायचा. जवळा नसेल तर भाजलेला पापड चालतो. तूप असेल तर वरून, नसेल तरी हरकत नाही.

शाळेत मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने अन्न चाखायचं आणि चव नोंदवहीत सही करायची असा नियम आहे. मी चमचा आधी तळाशी घालून वर काढते. मीठ नंतर बघते, आधी डाळ बघते.