वऱ्हाडातला ‘ऱ’ आणि इंटरनेटची वेस

आजच्या धाग्याचा विषय एका अक्षराचा आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द नागपूरकरांना नव्याने सांगायला नको. तो शेजारच्या मुलुखाचेही नाव आहे आणि लग्नाला निघालेल्या मंडळींचेही. त्या मुलुखात कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात, म्हणजे ‘ऱ्ह’ तिथल्या मातीतच रुजलेला आहे. प्रश्न असा, की हा शब्द इंटरनेटवरचा पत्ता होऊ शकतो काय? याचे उत्तर मिळेपर्यंत जगातील संगणक-सुरक्षातज्ज्ञांना काही वर्षे खल करावा लागला.

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. इंटरनेटवरील यंत्रांना अंकांचे पत्ते असतात. माणसाला अंक लक्षात राहात नाहीत, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली नावांची व्यवस्था आखली, तीच डोमेन नेम सिस्टीम. यंत्रांच्या नावांत मात्र रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढ्यांनाच प्रवेश होता. ‘डॉट इन’ हे भारताचे आडनाव १९८९ मध्ये नोंदले गेले आणि मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे त्याची देखरेख आली. श्रीनिवासन रमाणी या संस्थेचे प्रमुख होते. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. तरीही २००५ च्या आरंभी नोंदणी सर्वांसाठी खुली होईपर्यंत ‘डॉट इन’ची नावे सुमारे सात हजारच होती. एवढ्या मोठ्या देशाला हा आकडा शोभत नाही, पण नियमच कडक होते.

आता सुरक्षेकडे वळू. स्टीफन क्रॉकर हे नाव इतिहासप्रेमींनी लक्षात ठेवावे. ७ एप्रिल १९६९ रोजी विद्यार्थिदशेतच त्यांनी आर्पानेटसाठी पहिले ‘आरएफसी’ टिपण लिहिले. ‘अभिप्रायासाठी विनंती’ असे नम्र नाव असलेली ही टिपणेच पुढे इंटरनेटचे नियमग्रंथ झाली. १९८९ ते १९९४ या काळात तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या मंडळात सुरक्षा-विभागाचे ते पहिले संचालक होते. २००२ मध्ये, अमेरिकेतील दहशतवादी हल्ल्यांनंतर, नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने सुरक्षा व स्थैर्य सल्लागार समिती नेमली आणि तिचे पहिले अध्यक्षपद क्रॉकर यांच्याकडे आले. २०११ ते २०१७ या काळात ते आयकॅनच्या संचालक मंडळाचेच अध्यक्ष होते. तारायंत्रणेची कुलपे घडवणारा माणूस नगरपालिकेचा अध्यक्ष व्हावा, तशी ही वाटचाल आहे.

या तज्ज्ञांना भीती कशाची होती? २००२ मध्येच गॅब्रिलोविच आणि गोंतमाखर या दोन संशोधकांनी दाखवले, की एखाद्या नामांकित कंपनीच्या नावातील रोमन अक्षरे काढून तिथे हुबेहूब तशीच दिसणारी रशियन लिपीतील अक्षरे घातली, तर डोळ्याला फरक कळत नाही आणि यंत्राला मात्र ते नाव सर्वस्वी वेगळे असते. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००३ मध्ये, अन्य लिप्यांतील नावांची मानके आली. २००५ मध्ये पैसे पाठवण्याच्या एका प्रसिद्ध संकेतस्थळाचे असेच जुळे नाव जाहीरपणे करून दाखवण्यात आले. आपल्या लिप्याही याला अपवाद नाहीत: गुरुमुखीतला ‘स’ देवनागरीतल्या ‘म’सारखा दिसतो, आणि दोन्ही लिप्यांतील ‘ठ’ तर जवळजवळ जुळे भाऊ.

इथेच वऱ्हाडाची अडचण सुरू होते. नेहमीचा ‘र’ पुढच्या व्यंजनाला जोडला की रफार होऊन डोक्यावर चढतो, जसे ‘सूर्य’. मराठीला मात्र अर्ध्या ‘र’चे आणखी एक रूप लागते. आचार्यास दक्षिणा देतात, आचाऱ्यास मजुरी. दर्यात होडी जाते, दऱ्यांत नाही. हे रूप संगणकावर लिहिण्याची एक पद्धत अशी होती: साधा ‘र’, हलन्त, आणि मागोमाग एक अदृश्य जोडचिन्ह. ते कागदावर उमटत नाही, फक्त अक्षराला आकार देते.

सुरक्षातज्ज्ञाला अदृश्य चिन्ह म्हणजे अंधारातला चोरच. दिसायला एक आणि आतून दोन अशी नावे त्यातून सहज बनू शकतात. म्हणून २००३ च्या मानकांनी ते चिन्ह सरळ गाळून टाकले. म्हणजे कोणी ‘वऱ्हाड’ लिहावे आणि यंत्राने ‘वर्हाड’ समजावे! २०१० च्या सुधारित मानकांनी हलन्तानंतर ते चालेल अशी सवलत दिली, पण साऱ्या नावांच्या मुळाशी जो सर्वोच्च स्तर असतो, तिथे बंदी राहिली. ही बंदी मला योग्यच वाटते. त्या स्तरावरची चूक साऱ्या जगाला भोवते.

मग वऱ्हाड वाचले कसे? श्रेय जाते फार आधी झालेल्या एका निर्णयाला. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या जडणघडणीत मोहन तांबे यांचा वाटा मोठा. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. त्या सी-डॅकचे पहिले प्रमुख विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि त्यांची अभियांत्रिकीची पदवी नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयाची, हा योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘इस्की’त नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला स्वतंत्र जागा होती आणि त्याचे अर्धे रूप म्हणजे मराठीतला तो आडवा ‘र’ असा संकेत होता. युनिकोडने हा संकेत जसाच्या तसा स्वीकारला. म्हणजे अदृश्य चिन्हाची गरजच उरली नाही.

२०११ मध्ये सात लिप्यांतील ‘भारत’ ही आडनावे सर्वोच्च स्तरावर दाखल झाली आणि २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी ‘डॉट भारत’ची नोंदणी सुरू झाली. मराठी, कोकणी, हिंदीसह आठ भाषांसाठी ती होती. पुढचे काम नव-ब्राह्मी पॅनेलने केले. नऊ भारतीय लिप्यांचे नियम एकत्र बसवणाऱ्या या गटात उदय नारायण सिंग, अजय डाटा आणि सी-डॅकचे महेश कुलकर्णी ही अग्रणी मंडळी होती. धोरण एकच: शंका असेल ते वगळा. २०१९ मध्ये देवनागरीचे नियम सर्वोच्च स्तरासाठी लागू झाले. त्यांत ‘ऱ’ला मोकळे रान दिलेले नाही, हलन्त घेऊन ‘य’ किंवा ‘ह’ यांना जोडला गेला, तरच त्याला प्रवेश. मराठीला नेमके एवढेच हवे होते.

त्यामुळे आज ‘वऱ्हाड’ सहा चिन्हांत लिहिता येते: व, ऱ, हलन्त, ह, काना, ड. अदृश्य जोडचिन्ह वापरले तर ती सात होतात आणि नियमाला ते नाव चालत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक असेल तर करून पाहा. ‘र’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ऱ’ उमटतो. त्यापुढे हलन्त, मग ‘ह’.