संरक्षण आदेश (कौटुंबिक हिंसाचार)

घरातील हिंसा सोसणाऱ्या स्त्रीला त्रास देऊ नये, तिच्यापासून दूर राहावे, असे हिंसा करणाऱ्या नातलगाला बजावणारा न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश. भारतात तो ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ याच्या कलम १८ खाली दिला जातो. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. तो धर्म पाहत नाही, त्यामुळे वेगळी कौटुंबिक संहिता असलेल्या गोव्यातही तो तसाच लागू होतो. न्यायालयाच्या आवारात अशा प्रकरणाला ‘डी. व्ही.ची (डोमेस्टिक व्हायोलन्सची) केस’ म्हणतात.

ही केस फक्त नवरा-बायकोची असते, हा समज चुकीचा आहे. आई मुलाविरुद्ध, बहीण भावाविरुद्ध, मुलगी बापाविरुद्ध अर्ज करू शकते. पूर्वी सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज होतो तो, सर्वसाधारणपणे ‘प्रौढ पुरुष’च असावा लागे. सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१६ रोजी हे शब्द कायद्यातून काढून टाकले. त्या खटल्याची मूळ तक्रार मुंबईतल्या एका आई-मुलीची, घरातला मुलगा, सून आणि इतरांविरुद्धची होती.

आदेशाचा गाभा संपर्कबंदीत आहे. समक्ष, तोंडी, लेखी, फोनवरून किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने, कोणत्याही प्रकारे संपर्क साधण्यास मनाई करता येते. तिच्या कामाच्या ठिकाणी आणि अर्जदार लहान मूल असेल तर त्याच्या शाळेत जाण्यासही बंदी घालता येते. तिला आसरा देणाऱ्या मामा-मावशीवर किंवा मदत करणाऱ्या शेजाऱ्यावर हिंसा करण्यासही याच कलमाखाली मनाई करता येते. मात्र यातले काहीच आपोआप मिळत नाही. न्यायदंडाधिकारी ज्या गोष्टींना मनाई करतात, तेवढ्याच आदेशात उतरतात. म्हणून अर्जातला मागणीचा परिच्छेद जपून लिहावा लागतो. ‘त्रास देऊ नये’ एवढेच लिहून आणले, तर रात्री-अपरात्री येणारे व्हॉट्सअॅप संदेश आणि ‘झालं गेलं विसर, परत ये’ म्हणत दारात उभे राहणारे दीर-नणंद यांच्यावर बोट ठेवायला जागा उरत नाही. नातलगांकरवी निरोप धाडण्यास मनाई हवी असेल, तर तसे स्पष्ट मागावे.

बंधन सामनेवाल्यावर असते, तिच्यावर नाही. तिने एखाद्या फोनला उत्तर दिले म्हणून आदेश विरघळत नाही. कलम २५ नुसार तो रद्द करण्याचा अर्ज ती स्वतः करेपर्यंत टिकतो. परिस्थिती बदलली असेल, तर बदलाचा अर्ज दोघांपैकी कुणालाही करता येतो. समेट झाला असेल, तर तो न्यायालयापुढे मांडावा, घरच्या बैठकीत नव्हे.

मुलांमुळे संपर्कबंदीचा प्रश्न सर्वांत अवघड होतो. कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा तिला देता येतो आणि वडिलांच्या भेटीची व्यवस्था ठरवता येते. भेटीने मुलाला अपाय होईल असे वाटल्यास ती नाकारताही येते. व्यवहारात मात्र मुलाच्या निमित्तानेच संपर्कबंदीला खिंडार पडते. ‘बाळाला ताप आहे का?’ या एका प्रश्नामागून दहा फोन येतात. भेटीची वेळ, जागा आणि मूल कुणी न्यायचे-आणायचे हे आदेशातच ठरलेले असले, तर तिला रोज नव्याने बोलणी करावी लागत नाहीत.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी समुपदेशनाला पाठवले, तर या कायद्याखालील २००६ च्या नियमांतील नियम १४ फार मोलाचा आहे. समुपदेशकासमोर सामनेवाल्याला हिंसेचे समर्थन करता येत नाही आणि हे त्याला आधीच सांगावे लागते. योग्य प्रकरणी, समुपदेशनाबाहेर तिच्याशी संपर्क साधणार नाही अशी हमीही त्याच्याकडून घेतली जाते.

अर्ज ती स्वतः किंवा या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करू शकते. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कलम १२ सांगते. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून कलम २३ चा अंतरिम किंवा एकतर्फी आदेश पहिल्याच दिवशी मागावा.

आदेशाचा किंवा अंतरिम आदेशाचा भंग हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. एकट्या तिच्या साक्षीवरूनही न्यायालय भंग झाल्याचा निष्कर्ष काढू शकते. आदेशाची प्रत तिला आणि संबंधित पोलीस ठाण्याला विनामूल्य मिळते. रात्री दार वाजले, तर ठाण्यातल्या हवालदारापुढे ठेवायला तिच्या हाती ही प्रत असावी लागते.