उमेदवार बेगम

आमच्या गावात नगरपालिकेची निवडणूक आली की मोहल्ल्यातल्या भिंतींवर एक चमत्कारिक दृश्य दिसते. वॉर्ड महिलांसाठी राखीव, उमेदवार आमच्यातलीच एखादी भाभी किंवा खाला. पण पोस्टरवर चेहरा असतो तिच्या शौहरचा. तिचे नाव खाली, बारीक अक्षरात. मते मागायला तोच फिरतो, हारही तोच घालून घेतो. आम्ही हे पाहतो, हसतो आणि मत देऊन घरी येतो. अशा वेळी आम्हाला हटकून आठवतात त्या बेगम कुदसिया ऐजाज रसूल. त्यांचे नाव आमच्या किती घरांत ठाऊक असेल, शंकाच आहे.

जन्म १९०९चा, मालेरकोटल्याच्या नवाबी खानदानात. वडील सर जुल्फिकार अली खान. १९२९ मध्ये लग्न होऊन त्या अवधमधल्या हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे तालुकदाराच्या घरी आल्या. पडद्याची रीत तिथे कडक. मग आला १९३५चा कायदा आणि त्याखाली १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या. त्या कायद्याने स्त्रियांसाठी थोड्या जागा राखून ठेवल्या होत्या. आपल्या मुंबई प्रांताच्या १७५ जणांच्या विधानसभेत अशा ६ जागा होत्या आणि त्यांतली एक मुस्लिम स्त्रीसाठी. म्हणजे बाईने उभे राहायचे तर तिच्यासाठी आखलेल्या रिंगणातच, असा सरळ हिशेब होता. बेगम साहेबांनी तो मोडला. स्त्रियांसाठी राखून न ठेवलेल्या जागेवरून त्या संयुक्त प्रांताच्या विधान परिषदेसाठी उभ्या राहिल्या, आणि त्याही पडदा सोडून.

मग व्हायचे तेच झाले. उलेमांनी फतवा काढला की, पडदा न पाळणाऱ्या बाईला मत देणे इस्लामविरोधी आहे. विचार करा, उमेदवाराचे काम काय, त्याची अक्कल किती, याचा प्रश्नच नाही. प्रश्न होता चेहऱ्यावरच्या कपड्याचा. फतवा निघाला आणि तरी बेगम निवडून आल्या. त्याच वर्षी त्या परिषदेच्या उपसभापती झाल्या आणि १९४०पर्यंत त्या पदावर राहिल्या. पुढे १९५० ते १९५२ या काळात तिथेच विरोधी पक्षनेत्या होत्या.

आमच्यातले काही सुधारक ही हकिकत सांगताना फतवा हरला म्हणून टाळ्या घेतात. आम्ही तेवढे उतावीळ नाही. त्या वेळी वरिष्ठ सभागृहासाठी मत कुणाला होते? जमीनदार, प्राप्तिकर भरणारे, खिताबवाले अशा मूठभरांना. उमेदवार तालुकदाराच्या घरची. विणकराची किंवा भाजीवाल्याची बायको अशी उभी राहिली असती, तर फतव्यापुढे टिकली असती का? आम्हाला तसे वाटत नाही. खानदानाची ढाल त्यांच्या हाती होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण ढाल तर पुष्कळ बेगमांकडे होती. ती घेऊन बाहेर किती पडल्या?

पुढची गोष्ट तर अधिक अवघड. मुस्लिमांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले १९०९ साली. मुसलमानांनी मुसलमानालाच निवडायचे, ही रीत त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे चालली. बेगम साहेबा मुस्लिम लीगच्या होत्या आणि संविधान सभेतही लीगतर्फेच आल्या. तिथल्या त्या एकमेव मुस्लिम स्त्री सदस्य. ऑगस्ट १९४७ मध्ये मद्रासचे पोकर साहेब स्वतंत्र मतदारसंघ टिकावेत म्हणून झगडले. १९४९च्या मे महिन्यात त्याच मद्रासचे मुहम्मद इस्माईल साहेबही झगडले. बेगम साहेबा मात्र दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या. राखीव जागा हे अल्पसंख्याकांचा स्वतःचाच घात करणारे हत्यार आहे, ते आपल्याला बहुसंख्याकांपासून कायमचे तोडील, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या दाराने आल्या, तेच दार बंद करा म्हणाल्या. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, आपल्याच माणसांसमोर हे बोलायला काय लागत असेल!

त्या बरोबर होत्या का? आमच्या बैठकीत यावर दर वेळी वाद होतो. आकडे समोर ठेवले की आवाज चढतात. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के. २०२४ साली २८८ जणांच्या विधानसभेत निवडून आले १०. त्यांत स्त्री एकच, अणुशक्तीनगरच्या सना मलिक. आणि तो मतदारसंघ आधी त्यांच्या वडिलांचा. म्हणजे खानदानाची ढाल अजून लागतेच. २०२३च्या सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. विरोधातली दोन्ही मते मुस्लिम खासदारांची, त्यांतले एक आपल्या औरंगाबादचे. ओबीसी आणि मुस्लिम स्त्रियांना त्यात वेगळा वाटा का नाही, हा त्यांचा सवाल होता. बेगम साहेबा हयात असत्या तर त्यांनी कुठे हात वर केला असता? आमच्यातले तरुण म्हणतात, त्या दोघांबरोबर; कारण पंचाहत्तर वर्षांचा अनुभव त्यांच्या युक्तिवादाविरुद्ध गेला. जुने लोक म्हणतात, छे, बेगम साहेबा मुसलमान म्हणून वेगळा हिस्सा कधीच मागत्या ना! आम्ही मधेच कुठेतरी आहोत. जागा राखून ठेवल्याशिवाय आमच्या खाला वॉर्डातसुद्धा उभ्या राहिल्या नसत्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि राखून ठेवल्यावर पोस्टरवर चेहरा कुणाचा आला, तेही पाहिले आहे.

बेगम साहेबा स्वातंत्र्यानंतर काँग्रेसमध्ये गेल्या. १९६९ ते १९७१ या काळात त्या उत्तर प्रदेशात समाजकल्याण व अल्पसंख्याक खात्याच्या मंत्री होत्या. २००० साली पद्मभूषण मिळाले, २००१ साली इंतकाल झाला. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले तेच मुळी पडद्यापासून संसदेपर्यंतच्या प्रवासाचे.

मागच्या निवडणुकीत आमच्या शेजारच्या वॉर्डातल्या एका उमेदवार बाईंनी छापखान्यात स्वतः जाऊन पोस्टर बदलून घेतले. शौहरचा फोटो काढला, आपला घातला. डोक्यावर पदर होता. घरात दोन दिवस बोलणे बंद होते म्हणतात. त्या पडल्या, अवघ्या काही मतांनी. पोस्टर मात्र त्या भिंतीवर अजून आहे. पावसाने रंग गेला, चेहरा ओळखू येतो.