सयाजीराव नावाचा घोडा

आमच्या कापड्यात शर्यतीचा घोडा कुणी पाहिलेला नाही. घोडा म्हटला की आम्हाला प्रतापगडावरचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आठवतो. आणि सयाजीराव म्हटले की महाड आठवते. ज्या बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांना १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला पाठवले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीने. शाळेत इतिहास शिकवताना हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. म्हणूनच इंग्लंडच्या सेंट लेजर शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत १९४७ सालापुढे ‘सयाजीराव’ हे नाव वाचले, तेव्हा मी दचकलो.

हा सयाजीराव म्हणजे १९४४ साली जन्मलेला एक तपकिरी थरोब्रेड घोडा. त्याचा सख्खा थोरला भाऊ दांते याने १९४५ ची इंग्लिश डर्बी जिंकली आणि त्याच वर्षी हे शिंगरू लिलावात उभे राहिले. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी ते २८ हजार गिनींना घेतले. वर्षाच्या शिंगराला एवढी किंमत तिथे पूर्वी कधी आली नव्हती. प्रतापसिंहरावांनी त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले.

घोडा नावाला जागला. १९४७ च्या वसंतात, सुमारे १.६ किलोमीटरच्या ‘टू थाउजंड गिनीज’मध्ये तो तिसरा आला. ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्याने ती शर्यत आठ लांबींनी मारली होती. पुढे एप्सम डर्बीत अंतर २.४ किलोमीटर झाले. तिथेही सयाजीराव तिसराच. पण तो ट्यूडर मिन्स्ट्रेल आता त्याच्या मागे पडला होता. अंतर वाढेल तसा खुलणारा हा घोडा होता. आयरिश डर्बी त्याने जिंकली. मग आली १३ सप्टेंबरची सेंट लेजर, जवळजवळ तीन किलोमीटरची. पाठीवर ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट, शेजारी फ्रान्सचा आर्बार. शेवटपर्यंत दोघे बरोबरीने पळाले आणि सयाजीराव केवळ डोक्याएवढ्या अंतराने पुढे राहिला. भारताच्या स्वातंत्र्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता.

हे वाचून मला आनंद झाला, आणि मग मी मास्तरी हिशेब मांडला. २८ हजार गिनी म्हणजे २९,४०० पौंड. त्या वेळच्या दराने ३ लाख ९२ हजार रुपये. बाबासाहेबांची शिष्यवृत्ती होती महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षे. सगळे मिळून ४१४ पौंड. एका शिंगराच्या किमतीत असे एकाहत्तर विद्यार्थी परदेशी शिकून आले असते! आजोबांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. नातवाने त्यांचे नाव घोड्याला दिले ते प्रेमानेच दिले असेल. पण आजोबांचा वारसा तबेल्यात नव्हता, शाळांत होता.

पुढची हकीकत थोडक्यात. १९४८ मध्ये त्याच महाराजांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकली. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची राजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. सयाजीराव घोडा मात्र मानाने म्हातारा झाला. त्याची मुलगी ग्लॅडनेस हिने १९५८ चा अ‍ॅस्कॉट गोल्ड कप मिळवला, मुलगा इंडियाना याने १९६४ मध्ये बापाचीच सेंट लेजर जिंकली. १९६६ मध्ये सयाजीराव गेला.

मुक्या जनावराचा यात काय दोष? त्याला पळायला सांगितले, तो जीव तोडून पळाला. वर्गात मी आता दोन्ही सयाजीराव सांगतो. पोरांना शर्यत आवडते, डोक्याएवढ्या अंतराला ती टाळ्या वाजवतात. मग मी फळ्यावर ४१४ आणि २९,४०० हे आकडे शेजारी शेजारी लिहितो आणि म्हणतो, आता भागाकार तुम्ही करा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)