ओसरीचें मोल

धाराशिव जिल्ह्यांत घरापुढची ओसरी बंद करून घ्यावयाची झाल्यास गृहस्थ गवंड्याला दोन गोष्टी विचारतो : साहित्य कोणतें घालावें आणि खर्च किती येईल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु ह्याच जिल्ह्याच्या इतिहासानें त्यांच्या जोडीला तिसरा प्रश्न आणून ठेवला आहे. तो वजनाचा. माथ्यावर आणि भोंवतीं किती भार उभा राहिला, हें रुपयांच्या हिशेबांत कोठेंच दिसत नाहीं. आणि तेंच सर्वांत महाग पडतें.

निवाऱ्याच्या पुढें आणखी आडोसा करून घ्यावा, ही कल्पना येथें फार जुनी आहे. तेर हें गांव म्हणजे प्राचीन तगर. सागरी व्यापाराची माहिती देणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत त्याचा उल्लेख येतो. तेथील त्रिविक्रमाच्या मंदिराचा मागचा भाग विटांचा, गजपृष्ठाकार व अतिशय पुरातन असून त्याच्यापुढचा सपाट छपराचा मंडप मागाहून जोडलेला आहे. देवाच्या घरालाहि अशी पुढें जोड द्यावी लागली. मग वाढत्या कुटुंबाच्या घराला ती लागावी, यांत नवल तें काय?

मराठवाड्यांतील जुन्या वाड्याची रचना मात्र ही गरज ओळखूनच केलेली असे. दिंडी ओलांडली कीं ढाळज लागावी. तेथें आल्यागेल्याची बैठक व्हावी, देण्याघेण्याच्या गोष्टी उरकाव्या. पुढें मोकळा चौक, आणि चौकाच्या भोंवतीं ओसरी. दळण, निवडण, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांची झोंप, सारें ओसरीवर चाले. आंतल्या खोल्यांना खिडक्या थोड्या असत. त्यांना उजेड मिळे तो एक माळवदाच्या झरोक्यांतून आणि दुसरा ओसरीकडून. म्हणून पावसाची झड आली किंवा ऊन वाढलें, तर बांबूचें तट्टें अथवा गोणपाट बांधीत, आणि गरज सरली कीं सोडून ठेवीत. ऐपत असली तर सुताराकडून लांकडी जाळी करून घेत. हा आडोसा हलका होता, व काढतां येण्यासारखा होता.

परंतु कुटुंब वाढलें, धान्य ठेवावयास जागा पुरेना, चोराचिलटाचें भय वाटूं लागलें, म्हणजे दगडाची भिंत हाच उपाय सुचे. त्याचें कारण उघड आहे. काळा दगड शिवारांत पडलेला, माती पायाखालची, आणि मजुरी पुष्कळदां घरचीच. जाळीला सुतार लागे, लांकूड विकत घ्यावें लागे. भिंत जवळजवळ फुकट उठे. ती दोन फूट किंवा त्याहूनहि जाड असे. बाहेरचे व आंतले दगड नीट रचीत आणि मधली पोकळी लहान दगडांनीं व चिखलानें भरून काढीत. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड बहुधा नसेच. वर माळवद : तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत घर थंड राहण्याचें श्रेय त्या थराचेंच. पण माळवद गळूं लागलें कीं त्यावर आणखी माती घालीत, आणि छप्पर जड होत जाई.

जेथें हें माळवद लांकडी खणांच्या खांबांवर उभें होतें, तेथें भिंत केवळ आडोशाची होती. जेथें लांकडाचा खर्च झेपला नाहीं, तेथें तुळया सरळ भिंतीवरच टेकल्या. दोन्ही घरें बाहेरून सारखींच भक्कम दिसत.

हा भेद ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उघड झाला. गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. चारच्या सुमारास लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. किल्लारीचें नांव सर्वतोमुखीं झालें. पण धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर, होळी, राजेगांव, पेठसांगवी या गांवांवरहि तोच घाला पडला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारों माणसें मेलीं. भूकंपाची तीव्रता सहांहून थोडीच अधिक होती. एवढा संहार झाला तो दगडमातीच्या जड घरांमुळें. चिखलांत रचलेल्या भिंती फुगून सुटल्या आणि त्यांच्यावरचें माळवद निजलेल्या माणसांवर आलें. उलट, जेथें खणांचे खांब शाबूत राहिले, तेथें भिंती ढासळूनहि छप्पर वरच्यावर राहिल्याचीं उदाहरणें दिसलीं.

थोडा हिशेब केला म्हणजे यांतील मर्म ध्यानांत येईल. दहा फूट लांब व दहा फूट रुंद ओसरीवर एक फूट जाडीची माती घातली, तर तिचें वजन सुमारें साडेचार टन होतें. तेवढ्याच जागेवरचा लोखंडी पत्रा अर्ध्या क्विंटलच्या आसपास भरतो. त्याच ओसरीच्या एका बाजूस आठ फूट उंच व दोन फूट जाड दगडी भिंत उभारली, तर ती दहा टनांच्या घरांत जाते; साडेचार इंची विटेची भिंत दीड टनाहून थोडी अधिक भरते.

भूकंपानंतर पार कोसळलेलीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं, आणि कुटुंबाच्या जमिनीच्या मानानें २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचीं घरें देण्यांत आलीं. तीं जुन्या वाड्यांहून सुरक्षित होतीं, पण त्यांत ना ढाळज होती, ना चौक. तेव्हां घरापुढें छप्पर काढण्याचा जुना प्रश्न नव्या अंगणांत पुन्हां उभा राहिला.

पत्रा हलका आहे, पण उन्हांत तापतो. त्याच्याखालीं तट्टें बांधून मध्यें हवेला वाट ठेवली तर ताप कमी होतो. वळवाच्या वाऱ्यानें तो उडूं नये म्हणून त्यावर दगड ठेवण्याची रीत आहे. ती सोडून तो आंकड्यांनीं लोखंडी चौकटीस पक्का आवळावा. लोखंडी जाळी महाग पडते, परंतु चोराला अडविते आणि उजेडाला अडवीत नाहीं. विटेची भिंत घालणें असेल, तर ती कमरेइतकीच उंच ठेवावी आणि खांबांना व काँक्रीटच्या पट्ट्याला जोडून घ्यावी. पडक्या वाड्याचा दगड दाराशीं फुकट पडला आहे, एवढ्याच कारणानें तो पुन्हां चिखलांत रचून त्यावर छप्पर टेकविणें, हें सर्वांत स्वस्त दिसेल. सास्तूरच्या व होळीच्या जुन्या घरांनाहि तें तसेंच स्वस्त पडलें होतें.