शाळेत स्मार्ट टीव्ही आला म्हणजे मुलं जास्त शिकतात का?

करमाडला लागूनच शेंद्रा औद्योगिक वसाहत आणि ऑरिक सिटी आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. अशा निधीतून किंवा लोकवर्गणीतून शाळेला काही द्यायचं ठरलं, की टॅब आणि स्मार्ट टीव्ही लगेच आठवतात. फोटोही छान येतो. पण पुढे काय?

नुसतं यंत्र दिलं तर?

मुलामागे एक लॅपटॉप देण्याचा जगभर गाजलेला प्रयोग २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातही झाला, कर्जतजवळच्या खैरात इथल्या छोट्या शाळेत. पेरू देशाने हीच योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला नव्हता.

मग फरक कशाने पडतो?

गुजरातमध्ये 'ज्ञानशाला' संस्थेच्या शाळांत अर्थतज्ज्ञ ली लिंडन यांनी एकच गणिताचा कार्यक्रम दोन पद्धतींनी तपासला. संगणकाने शिक्षकांच्या तासाची जागा घेतली, तिथे मुलं मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जादा सराव म्हणून वापरला, तिथे फायदा झाला. म्हणजे यंत्र कोणतं, यापेक्षा ते कोणाचा वेळ खातंय हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट पातळीची. 'असर २०२४' नुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता येतो. उरलेल्यांना पाचवीच्या धड्याचा व्हिडिओ दाखवून काय उपयोग? दिल्लीत 'माइंडस्पार्क' सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता न बघता त्याला येतं तिथून सुरुवात करायचं, जोडीला छोट्या गटात शिकवणीही होती. ६१९ मुलांच्या अभ्यासात साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही सुधारलेलं दिसलं.

पालक काय करू शकतात?

बरंच. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. (ही समिती फक्त सह्यांपुरती नसते, हे अनेकांना माहीतच नसतं.) देणगीदार आले की आधी विचारा: कोणत्या वर्गाची कोणती अडचण यातून सुटेल? कोणता तास कमी होणार? मुलांना आधी किती येत होतं आणि सहा महिन्यांनी किती, हे कोण तपासणार? गोष्टीची पुस्तकं किंवा जादा वर्ग घेणारं माणूस मागितलं तर चालेल का?

आणि वीजबिल, दुरुस्ती कोण भरणार, हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. टीव्ही एकदा मिळतो, बिल दर महिन्याला येतं.