कंट्रोल आयडी

विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये डायलॉगातील बटण, मजकुराची चौकट, यादी अशा प्रत्येक कंट्रोलला दिलेला पूर्णांक. पडद्यावर तो दिसत नाही. सी आणि सी++ मध्ये ‘रिसोर्स.एच’ फाइलीत ‘#डिफाइन’ने त्याला नाव देतात, नावाआधी ‘आयडीसी_’ लावण्याचा रिवाज आहे. व्हिज्युअल स्टुडिओचा रिसोर्स एडिटर हे आपणहून करतो आणि साधारण १००० पासून पुढचे क्रमांक वाटत जातो. हाताने क्रमांक देणाऱ्याने छोट्या आकड्यांपासून लांब राहावे. १ म्हणजे ‘आयडीओके’, २ म्हणजे ‘आयडीकॅन्सल’ हे आधीच ठरलेले आहे. एस्केप दाबली की डायलॉगाला २ हाच आयडी मिळतो, मग रद्द करण्याचे बटण तिथे असो वा नसो. ‘जतन करा’ला २ देऊन ठेवला, तर एस्केप दाबणाऱ्याची नको असलेली नोंदही जतन होईल.

समजा, बुलढाणा तालुक्यासाठी केलेल्या अर्जात गावांची ड्रॉपडाउन यादी (कॉम्बो बॉक्स) आहे आणि तिचा आयडी १००३ आहे. कोणी त्यातून ‘देऊळघाट’ निवडले की डायलॉगाकडे ‘डब्ल्यूएम_कमांड’ हा संदेश येतो. त्यातील डब्ल्यूपॅरमच्या खालच्या १६ बिटांत १००३ असतो, वरच्या बिटांत ‘निवड बदलली’ ही सूचना आणि एलपॅरममध्ये यादीचे हँडल. देऊळघाट यादीत कितवे, हे मात्र ‘सीबी_गेटकरसेल’ने वेगळे विचारावे लागते आणि ती मोजणी ० पासून होते. नवशिके या दोन आकड्यांची गल्लत हमखास करतात.

मराठी आवृत्ती काढताना आयडीचे मोल कळते. रिसोर्स फाइलीत त्याच डायलॉगाची मराठी प्रत ठेवतात. भारतातील मराठीचा विंडोजमधील भाषा-क्रमांक ११०२. बटणावर ‘सेव्ह’ऐवजी ‘जतन करा’ आले, बटण रुंद करावे लागले, तरी आयडी तोच राहतो आणि कोडला हात लावावा लागत नाही. बटणावरचा मजकूर वाचून बटण ओळखणारे प्रोग्रॅम इथेच तोंडघशी पडतात. मराठीसाठी विंडोजचे जुने एएनएसआय कोडपेज नाही, त्यामुळे फाइल युनिकोडमध्येच ठेवावी.

नुसत्या लेबलांना ‘आयडीसी_स्टॅटिक’, म्हणजे -१, हा सामायिक आयडी चालतो. लेबलाचा मजकूर प्रोग्रॅम चालू असताना बदलायचा असेल तर त्याला स्वतंत्र आयडी हवा. एका गटातील रेडिओ बटणांचे आयडी सलग ठेवावेत, कारण ‘चेकरेडिओबटन’ला गट कोणता हे पहिल्या आणि शेवटच्या आयडीनेच सांगता येते. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये प्रोग्रॅमर कंट्रोलला ‘नेम’ने ओळखतो, तिथे हे आकडे सहसा कोणी पाहत नाही.